दुसऱ्यांना नोटिसा पाठवणाऱ्याला नोटीस येते तेव्हा

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत वसुली विभागात कारकून आहे. अठरा वर्षं झाली. थकबाकीदारांच्या याद्या काढायच्या, नोटिसा टाईप करायच्या, सहकार कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुली दाखल्यांची कागदपत्रं जुळवायची, हे माझं रोजचं काम. कर्जदार समोर येऊन बसला की तो काय सांगणार हे मला आधीच ठाऊक असतं. असा माणूस क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत गळ्यापर्यंत रुतला, हे सांगताना आजही जीभ अडखळते. पण त्या दिवसांत मी नेटवर बराच शोध घेतला तेव्हा कायदे-नियम पुष्कळ सापडले, 'मी असं असं केलं' असं सांगणारा माणूस मात्र मराठीत फारसा सापडला नाही. म्हणून जानेवारी 2025 मध्ये, सगळं मिटल्यावर, बसून लिहितोय.

कार्ड घेतलं 2019 साली. पुण्यातल्या एका मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या पोराने फॉर्म भरून घेतला. त्यात 'रेफरन्स' म्हणून दोन नंबर हवे होते, त्यातला एक मी मेहुण्याचा दिला. ही गोष्ट पुढे महागात पडली. पहिली तीन वर्षं बिल पूर्ण भरत होतो. जून 2022 मध्ये मुलीच्या डिप्लोमाची फी आणि घराच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग एकदम आलं. दोन्ही कार्डावर टाकलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदा 'मिनिमम अमाउंट ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरली. पुढच्या महिन्यातही तेच. मग ती सवयच झाली. घरी यातलं काही सांगितलं नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये एका रविवारी स्टेटमेंट पुढ्यात घेऊन हिशेब मांडला. बाकी 1,42,000. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 4,970. त्यावर 18 टक्के जीएसटी 895. मी भरले होते 7,100. मुद्दल कमी झालं 1,235 रुपयांनी, आणि त्याच महिन्यात त्याच कार्डावर 3,000 च्या वर किराणा आणि पेट्रोल झालं होतं. बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीलाही ती बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं, हेही मला तेव्हाच कळलं. आमच्या संस्थेत कर्जदार 'साहेब, 13 टक्के जास्त होतात हो' म्हणाला की मी त्याच्याकडे कसा बघायचो ते आठवलं. मी स्वतः 42 टक्क्यांनी भरत होतो.

माझ्या डोक्यात आलेली पहिली गोष्ट म्हणजे हा दर बेकायदेशीर असणार. महाराष्ट्रातल्या परवानाधारक सावकाराला बिगरशेतकरी माणसाला विनातारण कर्ज देताना वर्षाला 18 टक्क्यांच्या वर जाता येत नाही, मग बँकेला 42 कसे? तर सावकारी कायदा बँकांना लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये निकाल दिला होता की क्रेडिट कार्डावर 30 टक्क्यांच्या वर व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण त्याला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती होती. आता तर 20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकालच रद्द केला. हे इथेच सांगून टाकतो, कारण मी दर बेकायदेशीर ठरवण्याच्या नादात एक महिना घालवला. भांडायला जागा दुसरीकडे आहे.

सप्टेंबरअखेर मला डेंग्यू झाला. रजा शिल्लक नव्हती, पंधरा दिवस बिनपगारी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन हप्ते चुकले. प्रत्येक वेळी लेट फी 1,100 आणि जीएसटी धरून 1,298. बाकी 1,56,000 च्या वर गेली आणि फोन सुरू झाले.

सुरुवातीला बाई बोलायच्या, गोड. मग एक गृहस्थ आले. सकाळी साडेसातला, रात्री नऊला. एकदा संस्थेच्या लँडलाइनवर फोन आला आणि तो उचलला आमच्या शिपायाने. 'वसुलीवाल्या साहेबांच्या वसुलीचा फोन आहे' असं तो म्हणाला नाही, त्याचा चांगुलपणा. पण मला तसंच ऐकू आलं.

भाऊबीजेला बायको माहेरी वाईला गेली होती. रात्री पावणेनऊला, ओवाळणी चालू असताना मेहुण्याला फोन. 'तुमचे दाजी पैसे बुडवून बसलेत, त्यांना समजवा, नाहीतर पोलीस घरी येतील.' फोन स्पीकरवर होता. बायको रात्रीच्या एसटीने परत आली. दारातून आत आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, 'अहो, किती आहेत?' मी आकडा सांगितला. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'मला वाटलं पाच लाख असतील.' ही एवढीच रात्र मी वर्षभर पुढे ढकलत होतो.

दुसऱ्या दिवशी, 16 नोव्हेंबरला, रागाच्या भरात मी थेट रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार ठोकली. ही माझी पहिली चूक. बारा दिवसांनी तक्रार बंद केल्याचा मेल आला: आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नाही, त्यामुळे ती ग्राह्य नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या योजनेचा नियमच तसा आहे. आधी बँकेला लेखी तक्रार, तिला 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तरच लोकपाल. आणि त्यालाही मुदत असते, तेव्हा फार लांबवूनही चालत नाही. आमच्याकडेही लोक पायरी सोडून थेट निबंधकांकडे जातात, तेव्हा मी हसायचो.

दरम्यान नोव्हेंबरच्या शेवटी दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे व्हॉट्सॲपवर 'लोक अदालत' असं मोठ्या अक्षरात लिहिलेली नोटीस आली, तारीख 9 डिसेंबर, आणि खाली 'हजर न राहिल्यास कायदेशीर कारवाई'. बायकोचं तोंड उतरलं. मी त्याची प्रिंट काढून जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या मॅडमनी कागद एकदा पाहून सांगितलं की हे दावा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरण आहे. तडजोड करायची असेल तर या, कोणी बळजबरी करणार नाही, अटक वगैरे तर नाहीच. मात्र तिथे तडजोडीवर सही केली तर तो निवाडा बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, म्हणून आकडा पटल्याशिवाय सही करू नका. फक्त रक्कम थकली एवढ्यावर फौजदारी होत नाही. चेक किंवा खात्यातून आपोआप कापायचा हप्ता परत गेला तर मात्र ते वेगळं प्रकरण होऊ शकतं, हेही त्यांनी सांगितलं. दहा मिनिटं लागली, खर्च शून्य. मी गेलो नसतो तर ते दहा दिवस झोप लागली नसती.

दुसरं म्हणजे वसुली एजंटाने फोनवर सांगितलं, '1 लाख 10 हजारांत मिटवून देतो, आजच्या आज हो म्हणा.' खोटं कशाला बोलू, मोह झाला. मी म्हटलं, बँकेच्या लेटरहेडवर पत्र द्या. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक कागद आला, त्यावर ना सही ना बँकेचा मेल. तो घेऊन मी आमच्या व्यवस्थापक साहेबांकडे गेलो. लाज वाटली, पण गेलो. साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, 'पोरीला डिग्रीला घालायचंय ना? शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार कोण?' मी. 'मग तुझ्या सिबिलवर सेटल्ड असं येऊन चालेल का?' तडजोडीत बँक उरलेली रक्कम सोडते, पण सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात खातं 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसतं आणि पुढचा कर्ज देणारा तिथेच थबकतो. ज्याच्याकडे दुसरा मार्गच नाही त्याने तडजोड जरूर करावी, त्यात काही पाप नाही. बँकेचं पत्र हातात आल्यावरच पैसे भरावेत आणि नंतर नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचं पत्र, घ्यावं. माझ्याकडे मार्ग होता, फक्त मी तो कोणाला विचारला नव्हता.

मग आम्ही दोघं बसलो. कार्ड कात्रीने कापलं. बायकोची भिशी डिसेंबरात लागली, त्यातून 22,500 भरून मागचे हप्ते चुकते केले. फोन जवळपास थांबले. ते पैशांमुळे थांबले की पुढे सांगतो त्या तक्रारीमुळे, हे मला आजही सांगता येत नाही.

तक्रार लिहिण्याआधी मी चार वर्षांची सगळी स्टेटमेंट मेलमधून उतरवून पोवई नाक्यावर प्रिंट काढली आणि एकेक ओळ वाचली. आयुष्यभर दुसऱ्यांची खतावणी तपासली, स्वतःची पहिल्यांदा. तेव्हा दिसलं की जुलै 2021 पासून दर महिन्याला 385 रुपये कसल्याशा विम्यापोटी जात होते. 29 महिने, 11,165 रुपये. मी असला विमा मागितला नव्हता. आणि शिल्लक थकत होती तेव्हापासून त्या 385 वरही साडेतीन टक्के चढत होते.

आता तक्रारीला दोन पाय झाले. तेव्हा लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे निर्देश एप्रिल 2022 चे होते. विमा द्यायचा तर ग्राहकाची स्पष्ट संमती लेखी किंवा डिजिटल हवी, आणि ग्राहकाच्या घरच्यांच्या, मित्रांच्या, रेफरन्सवाल्यांच्या खासगीपणात वसुलीवाल्यांनी शिरायचं नाही, हे त्यात होतं. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, हे 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात होतं. माझ्याकडे पुरावा होता, कारण फोन सुरू झाल्यापासून मी एका जुन्या वहीत त्यांची रोजकीर्दच ठेवली होती: तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. सवय, दुसरं काय. नोव्हेंबर महिन्यात 23 नोंदी, त्यातल्या 9 वेळेबाहेरच्या. मेहुण्याकडून त्याच्या फोनच्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट मागवला. तो म्हणाला, 'दाजी, साक्षीलाबी येतो.'

1 डिसेंबर 2023 ला बँकेच्या तक्रार निवारण मेलवर तक्रार पाठवली, आणि एक प्रत रजिस्टर एडीने. मजकूर पानभरसुद्धा नव्हता. पहिला मसुदा साडेतीन पानांचा होता, त्यात डेंग्यूही होता आणि भाऊबीजही. बायकोने वाचून विचारलं, 'यातलं त्यांना काय करायचंय ते कुठं लिहिलंय?' मग सगळं काढून टाकलं. तारखा, रकमा आणि मागण्या: विम्याचे पैसे व्याजासकट परत, दोन्ही लेट फी रद्द, मेहुण्याचा नंबर नोंदीतून काढणे, मनस्तापाचे 20,000. फोनवर शंभर वेळा बोलून जे झालं नाही ते या पत्राने सुरू झालं, कारण त्याला एक क्रमांक मिळाला. फोन करून तक्रार केली असेल तरी क्रमांक मागून घ्या आणि त्याच दिवशी तो लिहून मेल टाका. आमच्याकडे तोंडी आलेल्या तक्रारीचं काय होतं ते मला विचारा.

21 डिसेंबरला उत्तर: विमा आपल्या फोनवरील संमतीने दिला आहे, वसुली नियमानुसार झाली आहे, आपली तक्रार निकाली काढत आहोत. चार ओळी. खरं सांगायचं तर मी अशीच चार ओळींची उत्तरं हजारदा टाईप केली आहेत. ती कशी लिहिली जातात हे माहीत असल्यामुळे मला राग आला नाही, उलट हुरूप आला.

3 जानेवारी 2024 ला पुन्हा रिझर्व्ह बँकेचं पोर्टल. मोबाइलवर ओटीपी येतो, मग बँकेचं नाव, कार्डाचा तपशील, बँकेकडे तक्रार केल्याची तारीख, उत्तर आलं का, आणि कागद जोडायचे. फी नाही, वकील लागत नाही. इंटरनेट जमत नसेल तर पत्रानेही तक्रार करता येते, आणि माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. मला फॉर्म भरायला दीड तास लागला, कारण मधेच पान बंद पडलं आणि लिहिलेलं गेलं. मजकूर आधी दुसरीकडे लिहून ठेवा.

24 जानेवारीला लोकपाल कार्यालयाचा मेल. बँकेचं म्हणणं जोडलेलं होतं आणि त्यावर माझं म्हणणं मागितलं होतं. बँक म्हणत होती, जुलै 2021 मध्ये फोनवर संमती घेतली. मी एका वाक्यात उत्तर दिलं: त्या फोनचं रेकॉर्डिंग द्यावे. मग शांतता. फेब्रुवारी गेला. मी रोज सकाळी संस्थेत गेल्या गेल्या मेल उघडायचो आणि मिटायचो. या काळात कार्डाचे हप्ते मात्र वेळेवर भरत राहिलो. तक्रार चालू आहे म्हणून भरणं थांबवलं तर व्याज थांबत नाही, आणि तारीख उलटून तीन दिवस झाले की थकीत अशी नोंद जाऊ शकते.

14 मार्चला मेल आला. बँक रेकॉर्डिंग देऊ शकली नाही. विम्याचे 11,165 आणि त्यावरचं व्याज व कर मिळून 14,405, शिवाय लेट फीचे 2,596, असे 17,001 रुपये परत करायला तयार. मेहुण्याचा नंबर काढला. वसुलीच्या फोनबद्दल दिलगिरी. माझे 20,000? नाहीत. लोकपालाला मनस्तापापोटी तेव्हा एक लाखापर्यंत भरपाई देता येत होती, पण देता येते म्हणजे देतातच असं नाही. आणखी ताणायचं की नाही यावर दोन दिवस विचार केला आणि होकार कळवला. ग्राहक आयोगात जाता आलं असतं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फीसुद्धा नाही. पण मला आता हे संपवायचं होतं.

26 मार्चच्या स्टेटमेंटला बाकी 1,19,340. आरडी मोडून 33,000 आले, 12,000 बाजूला टाकलेले होते, आणि आमच्या सेवकांच्या पतपेढीतून 75,000 कर्ज काढलं, 11 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. हप्ता 2,455, पगारातूनच कापतात. ज्या पतपेढीचा मी अकरा वर्षं सभासद आहे, जिच्या वार्षिक सभेला चहा-भेळीसाठी न चुकता जातो, तिथे अर्ज करायचं मला आधी दोन वर्षं सुचलं नाही. जामीनदारांना सांगावं लागेल, ही खरी अडचण होती. दोघांनीही विचारलं नाही कशाला हवेत म्हणून. एकाने नंतर सांगितलं, 'आमच्या शिपायाने सांगितलं होतं रे.'

5 एप्रिलला सगळी बाकी भरली आणि समजलो, सुटलो. 26 एप्रिलला पुन्हा स्टेटमेंट: 1,620. हे काय? तर स्टेटमेंटच्या तारखेपासून भरल्याच्या तारखेपर्यंतच्या दहा दिवसांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी. हिशेब मांडून पाहिला, बरोबर निघाला, तेही भरले. अनेकजण इथेच फसतात: बाकी भरून कार्ड विसरून जातात आणि मागे राहिलेल्या या रकमेवर पुन्हा लेट फी चढत जाते. आणखी एक स्टेटमेंट शून्याचं येईपर्यंत थांबा, किंवा बंद करण्याच्या दिवसाची नेमकी रक्कम लेखी मागा.

30 एप्रिलला कार्ड बंद करण्याचा मेल. लगेच फोन: 'सर, वार्षिक फी कायमची माफ करतो.' नको म्हटलं. 'लिमिट वाढवून देतो.' बाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर पुढे दर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. मी कॅलेंडरवर खुणा करून बसलो होतो. सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला. थोडी निराशाच झाली.

जुलैमध्ये सिबिलचा मोफत अहवाल काढला. देशात अशा चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात खातं अजून चालू आणि 1,620 थकीत दिसत होतं. त्यांच्याच साइटवर हरकत नोंदवली, नो ड्यूज जोडलं. एप्रिल 2024 पासून अशा तक्रारीला 30 दिवसांच्या वर लागले तर दिवसाला 100 रुपये द्यावे लागतात. माझं 19 दिवसांत झालं. दोन चुकलेल्या महिन्यांच्या नोंदी मात्र तशाच आहेत आणि राहणार, त्या खऱ्याच आहेत. या सगळ्या उपद्व्यापाचा झेरॉक्स, प्रिंट आणि पोस्ट मिळून खर्च 212 रुपये.

यंदाच्या भाऊबीजेला मीही वाईला गेलो. जाताना पोटात गोळा आला होता. जेवणं झाली, बायका आत होत्या. मेहुणा ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला, इकडे तिकडे बघितलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. 'दाजी, माझंबी एक कार्ड हाय. जरा बघता का?' मी चष्मा लावला. सात महिने मिनिमम. मी त्याला विचारलं, 'तुझ्या बायकोला माहीत आहे का?' तो आत स्वयंपाकघराकडे बघत राहिला. मी पेन मागितलं.